उपाशी किती वेळा ठेवायचे?

संपादक महोदय,

माझ्या ७८ वर्षांच्या आत्याच्या पित्ताशयात खडे आहेत. सरकारी रुग्णालयात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तारीख तीनदा मिळाली, तीनदा पुढे गेली. कधी भूलतज्ज्ञ नाहीत, कधी तातडीची केस. ती येणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्रीपासून उपाशी असलेल्या मधुमेही म्हातारीला दुपारी दोनला 'आज नाही' सांगतात, तेव्हा संताप येतो. सत्तरीपुढच्यांसाठी ५ लाखांपर्यंत मोफत उपचारांचे आयुष्मान कार्ड तिच्या पिशवीत आहेच! खड्याने पित्तनलिका अडली तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, हे तिथल्याच डॉक्टरांनी समजावले. निदान मधुमेही वृद्धांना सकाळी पहिल्यांदा घ्यावे. रद्दच करायचे तर नाश्त्याच्या वेळेआधी सांगावे.

— एक वाचक