चाख्तिच्याच्या गडावरच्या बाईविषयी

ब्रातिस्लाव्हा

तीर्थस्वरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? जिना उतरायला लागलीस असं आई म्हणाली, बरं वाटलं.

इथल्या 'रक्ताने न्हाणाऱ्या राणी'बद्दल तू विचारलं होतंस. ती राणी नव्हती, हंगेरीच्या राज्यातली बडी सरदारीण होती. नाव एर्झेबेत बाथोरी, जन्म १५६० चा. पोलंडचा राजा स्तेफान बाथोरी तिचा मामा. आजचा स्लोव्हाकिया तेव्हा हंगेरीच्याच राज्यात होता. तिचा चाख्तिचेचा गड अजून उभा आहे, पडका. मी वर जाऊन आले.

तिच्यावर ज्युली डेल्पी या फ्रेंच नटीने २००९ मध्ये 'द काउंटेस' हा सिनेमा काढला. लेखन, दिग्दर्शन, संगीत तिचं, आणि एर्झेबेतही तीच. नवरा गेल्यावर एर्झेबेत वयाने बऱ्याच लहान अशा इश्तवानच्या प्रेमात पडते. त्याचा बाप त्याला अडवतो. तो येईनासा होतो, आणि ती दोष देते आपल्या चेहऱ्याला! मग एका दासीला मारताना रक्त अंगावर उडतं आणि कातडी तरुण झाल्यासारखी तिला वाटते. आरशासमोरची ती डेल्पी पाहताना माझ्या पोटात कालवलं. तू केस रंगवणं सोडलंस तेव्हा बारशाला आलेल्या बायका तुझ्यादेखत काय काय बोलल्या होत्या, ते आठवलं. आतोबांचे केस तुझ्या आधी पिकले होते, त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

हे प्रेमप्रकरण मात्र सिनेमाचं आहे, इतिहासाचं नाही. इतिहासात आहे तो ग्यॉर्गी थुर्झो, राज्याचा सर्वांत मोठा अधिकारी. त्याने १६१० च्या डिसेंबरअखेर तिला चाख्तिचेत पकडलं. नोकरांचा छळ करून कबुलीजबाब घेतले आणि जानेवारी १६११ मध्ये तिघांना देहदंड दिला. तिला स्वतःला कोर्टापुढे कधी उभंच केलं नाही. गडावरच कोंडून ठेवलं, तिथेच ती ऑगस्ट १६१४ मध्ये वारली. नवरा १६०४ मध्ये गेलेला, जमीनजुमला अफाट, आणि खुद्द राजा तिच्या घराण्याचा कर्जदार. त्यामुळे हा सगळा कट होता असं मानणारे अभ्यासकही आहेत.

मला ती निर्दोष वाटत नाही, आत्या. तीनशेच्या आसपास साक्षी गोळा झाल्या होत्या. त्यांत मारहाण आहे, सुया टोचणं आहे, थंडीत गार पाणी ओतणं आहे. सांगोवांगी बरंच असेल, पण सगळंच कसं खोटं असेल? रक्ताची आंघोळ मात्र त्या साक्षींत नाही. ती आली १७२९ मध्ये, तुरोत्सी नावाच्या जेझुइट पाद्र्याच्या पुस्तकातून, एर्झेबेत मरून शंभराहून जास्त वर्षं झाल्यावर. आणि लोकांनी नेमकी तीच गोष्ट उचलून धरली. मालकिणीने दासींना मारावं आणि कुणी जाब विचारू नये, ही त्या काळची रीत होती. एका पाद्र्याने आधीच जाहीर तक्रार केली होती, तरी तिला पकडायला १६१० साल उजाडलं. त्या रीतीवर बोलणं अवघड. त्यापेक्षा म्हातारपणाला भ्यालेली, रूपाला हपापलेली बाई दाखवणं सोपं. त्यात मेलेल्या मुली मागे पडल्या. मला याचा फार राग येतो. एर्झेबेतचं नाव इथे पोराटोरांना ठाऊक आहे, त्या मुलींची नावं कोण घेतं?

डेल्पीने निदान हा इतिहास जिंकणाऱ्यांनी लिहिलाय, याची जाणीव सिनेमाभर ठेवली आहे. म्हणून तू तो पाहावास असं वाटतं. रक्ताचे प्रसंग आहेत, आजीला शेजारी बसवू नकोस. आणि पाहिल्यावर सविस्तर लिही: डेल्पीने तिला जरा जास्तच माया दाखवली का? मला तसं वाटलं, पण तुझं मत मला हवंय.

आतोबांना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझी लाडकी,
मनू