'जवळचे नातेवाईक नसतील तर' : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मंत्र्यांना पत्र मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझा जोडीदार जाऊन आज 22 दिवस झाले. आम्ही दोघं पुरुष, पुण्यात 20 वर्षं एका घरात राहिलो, सोसायटीत 'रूममेट', त्याच्या घरी 'मित्र'. रात्री अडीचला छातीत दुखायला लागलं म्हणून रिक्षात घालून मीच त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं, डिपॉझिट मी भरलं, चार वेळा खाली जाऊन औषधं मी आणली, आणि पहाटे तो गेल्यावर काउंटरवर विचारलं, पेशंटचे कोण? मी म्हटलं, मीच त्याचा. तसं नाही, नातं काय? मग सगळं थांबलं. बॉडी भावाच्या सहीशिवाय मिळणार नाही. भाऊ कराडहून येईपर्यंत साडेचार तास मी बाकड्यावर बसून होतो, आत जाऊन त्याचा चेहरासुद्धा बघू दिला नाही.

आता तुमच्या पत्राकडे येतो. ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने आम्हाला लग्नाचा हक्क नाकारला, त्या केसच्या सुनावणीत सरकारने कोर्टात शब्द दिला होता की कॅबिनेट सेक्रेटरींची समिती नेमू आणि या लोकांच्या रोजच्या अडचणी सोडवू. एप्रिल 2024 मध्ये समिती झाली, ऑगस्टमध्ये तुमच्या खात्याने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. तो वाचून म्हणाला होता, बघ, काहीतरी हलतंय. त्यात लिहिलंय की जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, पण कधी? जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर! साहेब, जवळचे म्हणजे कोण हो? जो भाऊ सहा वर्षं बोलत नव्हता तो जवळचा, आणि ज्याला त्याच्या बीपीच्या गोळ्यांची नावं पाठ आहेत तो कोण? याच समितीच्या कामात असंही ठरलं की रेशनकार्डावर आम्हाला एक कुटुंब धरायचं. म्हणजे तांदूळ एकत्र शिजवला तर आम्ही कुटुंब, आणि एकजण मेला की मी परका?

2006 साली आम्ही 'ब्रोकबॅक माउंटन' हा इंग्रजी पिक्चर बघितला होता, त्याच्या मित्राने आणलेल्या सीडीवर, खिडक्या लावून, आवाज कमी करून. तेव्हा कलम 377 होतं, म्हणजे आमचं नातं कायद्याने गुन्हा होता. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या डोंगरात 1963 च्या उन्हाळ्यात एनिस आणि जॅक ही दोन गरीब पोरं मेंढ्या राखायला जातात, जीव जडतो, मग दोघंही लग्नं करतात आणि पुढे वीस वर्षं मासेमारीच्या नावाखाली वर्षातून काही दिवस भेटत राहतात. त्यातल्या एनिसला लहानपणी बापाने मुद्दाम नेऊन दाखवलेलं असतं की अशा माणसाला लोक कसं मारून टाकतात, तो धाक त्याच्या मनातून कधी जातच नाही. लोक त्यातली तंबूतली रात्र लक्षात ठेवतात. मी शेवट लक्षात ठेवलाय. जॅक मेल्याचं एनिसला कोणी कळवत नाही, त्याने पाठवलेलं कार्ड 'मृत' असा शिक्का मारून परत येतं. फोन केल्यावर कळतं की निम्मी राख बायकोने टेक्सासमध्ये पुरली आणि उरलेली त्याच्या आईबापाकडे पाठवली. जॅकची इच्छा होती की आपली राख ब्रोकबॅकवर टाकावी. एनिस त्यांच्या घरी जाऊन ती मागतो, बाप सांगतो, आमच्या घरच्या जागेतच पुरणार. आई मात्र त्याला वरच्या खोलीत जाऊ देते आणि तिथे कपाटात त्याला त्या दोघांचे शर्ट सापडतात, एकात एक घातलेले. तेवढेच घेऊन तो निघतो.

पिक्चर संपल्यावर आमचा माणूस बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, माझं काही झालं तर तू नुसता शर्ट घेऊन परत येऊ नकोस.

मी गेलो होतो. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो, लांब उभा राहिलो. आम्ही दर हिवाळ्यात बामणोलीहून लाँचने वासोट्याला जायचो, थोडी राख तिथे न्यायची हे आमचं ठरलेलं. भावाला म्हटलं, चिमूटभर द्या. तो म्हणाला, तुमचा काय संबंध? आजूबाजूची माणसं बघत होती आणि माझ्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता.

राखेचं काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. त्याच वायोमिंगमध्ये, लॅरमी गावात, ऑक्टोबर 1998 मध्ये मॅथ्यू शेपर्ड या 21 वर्षांच्या, आमच्यासारख्याच समलिंगी कॉलेजच्या पोराला दोघांनी मारून कुंपणाला बांधून ठेवलं, सहा दिवसांनी तो गेला. पिक्चर ज्या कथेवर आहे ती आदल्याच वर्षी छापून आली होती. कबरीची विटंबना होईल या भीतीने आईबापांनी त्याची राख वीस वर्षं सांभाळली आणि 2018 मध्ये वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये ठेवली. आणि अमेरिकेत 2015 मध्ये लग्नाचा हक्क मिळाला तो ज्या केसमुळे, ती मृत्यूच्या दाखल्यावरच्या एका ओळीसाठी होती! जॉन आर्थर मरणपंथाला लागला होता, ओहायोत लग्न होत नव्हतं म्हणून तो आणि त्याचा जोडीदार जिम ओबर्गफेल विमानाने मेरीलँडला गेले आणि धावपट्टीवर विमानातच लग्न केलं. मग कळलं की ओहायो मृत्यूच्या दाखल्यावर जिमचं नाव जोडीदार म्हणून लावणार नाही, म्हणून ते कोर्टात गेले.

तिकडे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही, वायोमिंगमध्ये अजूनही द्वेषाच्या गुन्ह्यांसाठी राज्याचा वेगळा कायदा नाही. पण निदान नवरा म्हणून सही करता येते. आमच्याकडे कोर्ट म्हणतं हे संसदेचं काम, संसद विषय काढत नाही, समिती पत्रं पाठवते आणि राज्यं ती फायलीला लावतात. 377 मधून मोकळीक 2009 ला दिली, 2013 ला काढून घेतली, 2018 ला परत दिली, 2023 ला लग्नाचं दार लावलं, जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या. यात आमची पंचविशी ते पंचेचाळिशी गेली हो! टॅक्स मात्र दोघांनी वेळेवर भरला, तेव्हा कोणी नातं विचारलं नाही.

माझी मागणी एकच आहे. ते 'नातेवाईक उपलब्ध नसतील तर' हे शब्द काढा. माणसाने जिवंतपणी ज्याचं नाव लिहून दिलंय त्याला आधी विचारा, भाऊ-बहीण नंतर. एवढा एक फॉर्म प्रत्येक हॉस्पिटलमध्ये ठेवायला लावा.

त्याचे शर्ट माझ्याकडे आहेत, अकरा आहेत, काल मोजले. एक अजून दोरीवरच आहे, तो गेला त्याच्या आदल्या दिवशी धुतलेला, मी काढलेला नाही. बामणोलीची लाँच पावसाळ्यात बंद असते, पुढच्या हिवाळ्यात मी काय घेऊन जाऊ ते मला सांगा.

आपला,
एक नागरिक, पुणे