गाण्यासोबत गाणाऱ्याचं नाव आणि काम सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शहरातल्या एका कम्युनिटी रेडिओवर पुढच्या महिन्यापासून ब्रिटिश लोकसंगीताचा आठवड्याला अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम सुरू होतोय, ही बातमी आपण छापली. त्यावर दोन वाचकांची नाराजीची पत्रंही आपण छापलीत. आपली दंडार, आपली भुलाबाईची गाणी शेवटच्या घटका मोजत असताना साहेबाच्या गाण्यांचं कौतुक कशाला, असा दोघांचाही सूर आहे. कार्यक्रम करणाऱ्या पोरांमध्ये माझी भाची आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण ती त्यात नसती तरी हे पत्र मी लिहिलंच असतं. मी रेल्वेत फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा, म्हणून लागलो आणि मेल ड्रायव्हर होऊन अजनीतून निवृत्त झालो. यातली काही गाणी माझ्यासारख्या माणसांचीच आहेत.

ही गाणी साहेबाची नाहीतच मुळी. इंग्लंडमधली लोकगीतं गोळा करणारे सेसिल शार्प यांनी १९०३ साली सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावात पहिलं गाणं टिपलं, ते बागेत काम करणाऱ्या एका माळ्याच्या तोंडून. त्याच वर्षी संगीतकार राल्फ वॉन विल्यम्स यांनी एसेक्समध्ये एका म्हाताऱ्या मजुराचं गाणं ऐकलं आणि तेही वही घेऊन खेड्यापाड्यांत फिरायला लागले. दुसरे संगीतकार पर्सी ग्रेंजर तर १९०६ साली लिंकनशायरमध्ये फोनोग्राफच घेऊन गेले. तिथल्या जोसेफ टेलर नावाच्या गृहस्थांचा आवाज त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवला आणि १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने टेलर यांच्या तबकड्याही काढल्या. एका जमीनदाराच्या इस्टेटीवर देखरेख करणारा हा माणूस तेव्हा पंचाहत्तरीला आला होता. भाचीने मला ते ऐकवलं. खरखर भरपूर आहे, इंग्रजी अर्धंअधिक समजत नाही, पण प्रत्येक कडव्यात चाल थोडी वेगळी वळते, हरकत नव्या जागी येते. ग्रेंजर यांनी ती वळणं कडव्यागणिक वेगवेगळी लिहून ठेवली होती. एवढ्या बारकाईने कुणी आपल्या एखाद्या शाहिराचं ऐकलं असेल का, असं मनात आल्यावाचून राहिलं नाही.

आता रेल्वेची गोष्ट. ९ फेब्रुवारी १९५७ रोजी इंग्लंडमध्ये बक्स्टनहून निघालेल्या एका मालगाडीच्या इंजिनात वाफेच्या ब्रेकची नळी फुटली. गाडी चढणीवर होती, पुढे लांब उतार. केबिनमध्ये उकळती वाफ भरली. ड्रायव्हर जॉन अ‍ॅक्सनने फायरमनला उतरवलं, जमतील तेवढ्या वॅगनचे हँडब्रेक दाबायला सांगितलं आणि स्वतः इंजिन सोडलं नाही. गाडी उतारावर सुटली आणि चॅपल-एन-ल-फ्रिथ स्टेशनात पुढच्या मालगाडीवर आदळली. त्यात अ‍ॅक्सन गेला. त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे ब्रिटनचं मोठं शौर्यपदक मिळालं. पुढच्याच वर्षी, १९५८ च्या जुलैत, बीबीसीने त्याच्यावर कार्यक्रम केला. बीबीसीचे निर्माते चार्ल्स पार्कर आणि लोकगीतं गाणारे इवन मॅक्कॉल व पेगी सीगर यांनी नट बोलावले नाहीत. टेपरेकॉर्डर घेऊन ते अ‍ॅक्सनच्या सोबत्यांकडे आणि बायकोकडे गेले. त्यांचंच बोलणं ठेवलं आणि त्या बोलण्यातून लोकगीताच्या चालीवर गाणी रचली. पुढे मच्छीमारांवर, खाणकामगारांवर असेच कार्यक्रम झाले.

हा भाग मुलांनी मराठी निवेदनासह तयार केला तेव्हा मी माझ्या जुन्या असिस्टंटला घरी बोलावलं होतं. आम्ही दोघांनी धाराखोह–मरामझिरीच्या घाटातून मालगाड्या उतरवल्या आहेत. भरलेली गाडी मागून रेटत असते, कान ब्रेकच्या आवाजावर, डोळे गेजवर, आणि त्या वेळी दोघांमध्ये एक शब्द होत नाही. नळी फुटल्याचा प्रसंग आला तसा तो खुर्चीत पुढे सरकून बसला. 'रेग्युलेटर बंद झाला का?' त्याने विचारलं, म्हणजे इंजिनाला वाफ सोडणारा दांडा. मग थोड्या वेळाने, 'फायरमन वाचला ना?' वाचला, मी म्हटलं. कार्यक्रम संपल्यावर भाचीने लॅपटॉप मिटला तर म्हणतो, 'काहून बंद केलं? पुन्हा लाव ना.' ज्यांना ही गाणी परकी वाटतात, त्यांनी तो अर्धा तास आमच्यासोबत बसायला हवं होतं.

शिडाच्या जहाजांवरची गाणीही अशीच. एक खलाशी ओळ टाकणार आणि धृपदावर सगळे मिळून दोर ओढणार. हे ऐकलं आणि मला रुळावरची गँग आठवली. रूळ सरकवायचा असला की सगळे सबली लावून उभे राहायचे, मेट, म्हणजे गँगचा मुकादम, ओळ टाकायचा आणि 'हैशा'वर रूळ बोटभर सरकायचा. त्या ओळी मेट जागच्या जागी रचायचा. त्यात पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखरेख करणाऱ्या, साहेबाची टोपी असे, उधारी न देणारा वाणी असे, कुणाची तरी बायको माहेरी गेलेली असे, आणि पुष्कळदा छापता न येणारं काही असे. जहाजावर वाफेची यंत्रं आली, इथे रुळाखालची खडी ठोकून बसवणारं टॅम्पिंग मशीन आलं. जहाजावरच्या गाण्यांचे संग्रह झाले. आमच्या मेटच्या ओळी मात्र कुणीच उतरवून घेतल्या नाहीत. नाराज वाचकांचं दुःख मला याच जागी समजतं. त्यांना मी विनंती करतो की राग त्या पोरांवर काढू नका. कसं गोळा करावं हे त्या कार्यक्रमातून शिकता येतं. शिवाय आपल्याकडेही हे काम झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली.

कसं करू नये, हेही त्याच इतिहासात आहे. शार्प यांचं ऋण मोठं, पण शाळांसाठी छापताना त्यांनी चावट ओळी धुऊन काढल्या आणि गिरण्या-खाणींतल्या गाण्यांकडे फारसं पाहिलं नाही. मुलांनीही फक्त कुरणं, फुलं आणि मेंढपाळ वाजवले तर ते अर्धंच होईल. उमरेड, सिल्लेवाडा, कामठीच्या कोळसा खाणींतली माणसं हा रेडिओ ऐकणार आहेत. त्यांना डरहॅमच्या, वेल्सच्या खाणींतली गाणी आधी ऐकवा.

नागपूरचा तर या गोष्टीशी थेट संबंध आहे. १८४५ मध्ये इथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप मूळचे स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या डन्स गावचे. त्याच सीमाभागातली पोवाड्यासारखी गाणी लेखक वॉल्टर स्कॉट यांनी गोळा करून १८०२ पासून छापली होती. त्यांना गाणी देणारी एक शेतकरी बाई नंतर त्यांच्यावरच रागावली. ही गाणी गायची होती, वाचायची नव्हती, तुम्ही छापून ती बिघडवलीत, असं तिचं म्हणणं. हिस्लॉप यांनी नागपुरात राहून गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाचं गाणं एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाकडून, लिहून घेतलं. १८६३ मध्ये ते नदीत बुडून गेले आणि त्यांचे कागद १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. आज हिस्लॉप यांच्या नावाचं कॉलेज सगळ्या नागपूरला ठाऊक आहे. ज्याच्या गळ्यातून लिंगो उतरला, त्या परधानाच्या नावाची पाटी शहरात कुठेही नाही.

म्हणून मुलांकडे माझं एकच मागणं आहे. प्रत्येक गाण्याआधी, ते ज्याच्याकडून मिळालं त्याचं नाव आणि त्याचं काम सांगा. संग्राहकाचं नाव नंतर घेतलं तरी चालेल. हॅरी कॉक्स, नॉर्फोकचा शेतमजूर. सॅम लार्नर, नॉर्फोकचाच मच्छीमार. असं ऐकलं की माणूस समोर येऊन बसतो आणि मग गाणं परकं राहत नाही.

आणि वेळेचं बघा. रात्री साडेदहाला हा कार्यक्रम ठेवलाय म्हणे. पहाटे ड्युटीवर जाणारा माणूस तेव्हा जागा नसतो. १९५३ ते १९५८ या काळात बीबीसीवर लोकगीतांचा असाच कार्यक्रम रविवारी सकाळी लागायचा. इथेही रविवारी सकाळी, लोक तर्री-पोहे खात बसलेले असतात त्या वेळी, निदान पुनःप्रक्षेपण करा.

अजनीच्या आसपास आमच्या वेळचे काही मेट आणि गँगमन अजून आहेत. आवाज थकलेत, पण ओळी पाठ आहेत. जहाजावरच्या गाण्यांचा भाग होईल त्या आठवड्यात मी त्यांना स्टुडिओत घेऊन यायला तयार आहे. जायला-यायला ऑटो लागेल, आणि दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर रेकॉर्डर खाली आणावा लागेल. एवढी सोय रेडिओवाल्यांनी करावी.

आपला,
एक निवृत्त मेल ड्रायव्हर
अजनी, नागपूर