आधी 'दारफळणी' विचारा, मग जहाज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रायगड जिल्ह्यातल्या यहुदी समाजावर मराठीत लेख आला की त्यात तीन गोष्टी ठरलेल्या असतात. नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेलं जहाज आणि त्यातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', आणि अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मागेन आबोथ सिनेगॉगचा, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिराचा, फोटो. यात वावगं काही नाही. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले हे यहुदी, स्वतःबद्दल पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले आहेत. पण एवढंच इतक्या वेळा छापून आलंय, की आता घरातल्या वडीलधाऱ्यांना 'तुमच्या समाजाबद्दल सांगा' म्हटलं तर तेही लेखातलंच म्हणून दाखवतात. आजीच्या हातचं, मामाच्या गावचं, वाड्यातलं काही निघतच नाही, कारण ते कुणी विचारलेलं नसतं.

2011 च्या जनगणनेत देशभरात 4,650 यहुदी नोंदले गेले, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. बाकीचा गोतावळा 1948 नंतर टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेला. लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा या गावांतली नातवंडं हिब्रू बोलतात आणि आजीचं मराठी त्यांना अर्धंमुर्धं कळतं. अलीकडे ही नातवंडं आणि इकडचे कॉलेजचे विद्यार्थी मोबाईलवर आठवणी टिपून घेतात ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्यातली बरीच ध्वनिमुद्रणं पुढे कामाची राहत नाहीत. ती का राहत नाहीत आणि काय केलं तर राहतील, हे सांगण्यासाठी हे पत्र.

सगळ्यात मोठी चूक पहिल्या प्रश्नातच होते. विचारणारा म्हणतो, 'तुम्ही योम किप्पूर कसा पाळता?' मग उत्तरही पुस्तकी येतं: उपास, प्रार्थना, प्रायश्चित्त. तोच प्रश्न 'तुमच्या आजी या सणाला काय म्हणायच्या?' असा विचारला तर 'दारफळणी' हा शब्द येतो. दारं लावून घरात बसण्याचा दिवस, पांढरे कपडे, बाहेरच्या कुणाची शिवाशिव नाही, आणि दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', म्हणजे गाठीभेटी आणि दानधर्म. कोकणातल्या जुन्या बेने इस्रायली घरांत सणांची नावं अशी अस्सल मराठी होती. रोश हशाना, म्हणजे यहुदी नवं वर्ष, हा नव्याचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखातल्या तिशा बआवच्या उपासाला बिरड्याचा रोजा, शिवाय खिरीचा सण वेगळाच. पेसाहला, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटल्याच्या सणाला, अनाशी-ढाकाचा सण म्हणत. अनस म्हणजे घरात भांड्यात ठेवलेला आंबट रस. त्या दिवसांत ते भांडं झाकून ठेवायचं, एवढीच रीत उरली होती. आंबवलेलं काही वापरायचं नाही हे मूळ कारण विसरलं गेलं, झाकण तेवढं राहिलं. धर्मशास्त्राच्या पुस्तकात हे सापडणार नाही आणि 'पेसाह' हा शब्द तुम्ही आधी उच्चारलात तर म्हाताऱ्या माणसाच्या तोंडूनही ते निघणार नाही. म्हणून हिब्रू नाव आपण आधी घ्यायचं नाही. समोरच्याने घेतलं तरी 'घरात काय म्हणायचे?' असं परत विचारायचं.

'तुमची ओळख काय?' हा प्रश्न तर टाळाच. त्याचं उत्तर भाषणासारखं येतं. वस्तू विचारा. बाहेरून आलेल्या दावीद राहाबी या यहुदी गुरूची गोष्ट या समाजात सगळ्यांना ठाऊक आहे: हे लोक यहुदी आहेत की नाहीत हे पाहायला त्याने बायकांपुढे सरमिसळ मासे ठेवले, आणि त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले. त्यांची ओळख पटली ती माशांच्या टोपलीतून. तेव्हा 'घरात कुठले मासे यायचे नाहीत? कोळंबी, कुर्ल्या शेजारून आल्या तर काय करायचे?' असं विचारलं की माणूस मोकळा होतो.

मलिद्याचंही तसंच. 'मलिदा म्हणजे काय' असं विचारू नका. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खोबरं, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने प्रार्थना, हे आता कुठेही वाचायला मिळतं. 'शेवटचा मलिदा कशासाठी केला होता?' असं विचारा. मग नवस येतो: मुलाची परीक्षा, सुनेचं बाळंतपण, परदेशाचा व्हिसा. त्यातून अलिबागजवळच्या खंडाळा गावातल्या कातळावरच्या 'टाप्या'ला, म्हणजे एलियाहूच्या घोड्याच्या टापेची मानतात त्या खुणेला, कोण कुणाबरोबर कशात बसून गेलं होतं ते येतं. ताटात कुठली फळं होती, प्रत्येक प्रकारावर वेगळी बराखा (आशीर्वचन) कोणी म्हटली, ताट आधी कुणापुढे फिरलं, हेही क्रमाने लिहून घ्यावं. घराघरांत फरक असतो, आणि फरकातच गाव आणि घराणं कळतं.

पाककृती घेताना 'अंदाजाने' हा शब्द वाट अडवतो. नव्या वर्षाचा चिकाचा हलवा घ्या. गहू तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचं (नाही बदललं तर चीक आंबतो), वाटून गाळायचं, चीक खाली बसू द्यायचा, वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं, मग नारळाचं दूध आणि साखर घालून आच मंद ठेवत हात न थांबवता ढवळायचं. नारळ किती? तर 'चार-पाच'. यावर उपाय एकच. करायला बसण्याआधी सगळं सामान स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं, झाल्यावर उरलेलं परत तोलायचं, वजाबाकी ती खरी. आच बंद करण्याची वेळ घड्याळात बघून नका लिहू. कडेने सुटायला लागला, उलथनं उभं राहिलं, असं त्या बाई ज्या शब्दांत सांगतील ते शब्द लिहा. दुधाऐवजी नारळाचं दूध का, हेही त्यांनाच विचारा. मटणाच्या जेवणावर गाई-म्हशीचं दूध चालत नाही हे नियमाचं उत्तर झालं. घरात त्याचा घोळ कधी झाला होता ती खरी आठवण. किद्दूशसाठी, म्हणजे शुक्रवारी रात्री आणि सणाला पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी, वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत करण्याची रीतही अशीच: मनुका किती तास भिजवतात, कुस्करतात की उकळतात, कुठल्या फडक्यातून गाळतात.

नावांचा गुंता मात्र आधी सोडवून घ्यावा, नाहीतर वंशावळ कोसळते. मुंबईचं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये बांधणारे समाजी हसाजी दिवेकर आणि इंग्रजी कागदांतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे एकच गृहस्थ. समाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल, आबाजी म्हणजे आब्राहाम, मुसाजी म्हणजे मोशे. दुसरा घोटाळा आडनावाचा. किहीमवरून केहिमकर, पेणवरून पेणकर, तसे झिराडकर, रोहेकर, थळकर, अष्टमकर. पण पलटणीत, रेल्वेत, शाळेत बापाचं नाव हेच आडनाव म्हणून लागलं. त्यामुळे सॉलोमन पेणकरांचा मुलगा डेव्हिड सॉलोमन, आणि त्याचा मुलगा जोसेफ डेव्हिड. तीन पिढ्या, तीन 'आडनावं', घर एकच. मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस, ज्यांच्या नावाचा रस्ता वरळीला आहे, ते राजपूरकर होते हे किती मुंबईकरांना ठाऊक असेल? म्हणून प्रत्येक माणसाची चार नावं विचारा: घरातलं, सिनेगॉगमध्ये तोरा (धर्मग्रंथ) वाचायला पुकारतात ते हिब्रू, कागदावरचं, आणि गावाचं.

दफनभूमीतले दगड या नावांची शहानिशा करतात. तिथे जी तारीख असते ती बहुधा हिब्रू वर्षाची, आणि वर्ष अक्षरांत. ताव म्हणजे 400, रेश 200, लामेद 30, दालेत 4. बेरीज 634. हजाराचा आकडा सहसा कोरत नाहीत, तो 5 धरायचा: 5634. इसवी सनासाठी तीन आकडी बेरजेत 1240 मिळवा, 1874 येतात. महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर सहसा एक वर्ष कमी, कारण वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणजे 1873. शिवाय दिवस सूर्यास्ताला बदलतो. शुक्रवारी दिवेलागणीनंतर वारलेल्या माणसाच्या दगडावर शनिवारची तिथी असते, आणि पालिकेच्या दाखल्यावर शुक्रवार. दोन्ही बरोबर.

झिजलेल्या दगडावर दालेत आणि रेश जुळ्या भावंडांसारखे दिसतात, 4 आणि 200. पण अक्षरं सहसा मोठ्या आकड्याकडून लहानाकडे उतरत जातात, तेव्हा लामेदच्या मागून रेश येऊच शकत नाही, ही चूक पकडता येते. 'हे' (5) आणि 'हेथ' (8) या अक्षरांची गफलत मात्र पकडता येत नाही, तीन वर्षांचा फरक पडतो. दगडावर वार कोरलेला असेल तर कॅलेंडरशी पडताळा. पंधरा आणि सोळा हे दहा अधिक पाच, दहा अधिक सहा असे लिहीत नाहीत, कारण त्यातून देवाच्या नावाची अक्षरं होतात. नऊ अधिक सहा, नऊ अधिक सात असं लिहितात.

अक्षरं उठावीत म्हणून दगडाला खडू, पीठ, रांगोळी चोळणारे लोक आहेत. कृपा करून नको. तारेचा ब्रश तर नकोच. शेवाळावर साधं पाणी आणि मऊ झाडणी पुरे. सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर, ऊन तिरपं असताना फोटो घ्या. सावलीतला दगड असेल तर बाजूला पांढरा थर्माकोल धरून त्यावरून उजेड अक्षरांवर पाडा. तसाच आणखी एक फोटो समोरून, पूर्ण दगडाचा. निघताना हात धुवायची रीत आहे, ती पाळावी.

घरातल्या जुन्या प्रार्थनापुस्तकांची आधीची आणि शेवटची कोरी पानं पाहायला विसरू नका. जन्म, सुंता, लग्न यांच्या नोंदी तिथे सापडू शकतात. देवाचं नाव असलेलं फाटकं पुस्तक रद्दीत देत नाहीत, दफन करतात, आणि त्याबरोबर या नोंदीही मातीत जातात. त्याआधी फोटो काढून घ्यावा. 1846 साली मुंबईत शिळाप्रेसवर छापलेल्या मराठी हग्गादासारखं (पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीसारखं) काही घरात निघालंच तर पानं चिकटपट्टीने जोडू नयेत, ती काही वर्षांत पिवळी पडून अक्षरं खाते. मोडीतले कागद असतील तर 'वाचता येत नाही' म्हणून बाजूला पडू देऊ नका; पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, वाचणारे जिल्ह्यात मिळतात.

यंत्राचं थोडक्यात. फोन विमान मोडवर, पंखा बंद, बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर. आधी मिनिटभर मुद्रण करून ऐकून पाहा. सुरुवातीला तारीख, गाव आणि दोघांची नावं बोला. तासाभराहून जास्त नको, पण दुसरी बैठक हवीच, कारण पहिल्या बैठकीनंतर रात्री खरं आठवतं. शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे काम बंद ठेवायचा विश्रांतीचा दिवस. त्या वेळात यंत्र काढणं म्हणजे दार बंद करून घेणं. इस्रायलमध्ये फोनवर घेत असाल तर ते आपल्या मागे हिवाळ्यात साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच. रविवार तिथे कामाचा दिवस आणि शुक्रवारी स्वयंपाकाची धांदल, म्हणून सोमवार ते गुरुवार बरा.

उतरवून काढायला एका तासाच्या मुद्रणाला पाच-सहा तास सहज लागतात. उतरवताना भाषा 'सुधारू' नका. त्या बाई 'हन्नाबी' म्हणत असतील तर हन्नाबीच लिहा, आजच्या इस्रायली उच्चाराने 'हनावी' करू नका. गब्बाय, समास, चौगुला, मुकादम, काजी हे सिनेगॉगच्या आणि समाजाच्या मानकऱ्यांचे शब्द जसे येतील तसे.

दोन विषय जपून. गोरे आणि काळे (मिश्र लग्नांतून आलेले मानलेले) इस्रायली असा भेद या समाजात होता आणि त्याने लग्नं मोडली आहेत. दुसरा 1962 ते 1964 चा काळ, जेव्हा इस्रायलच्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी बेने इस्रायलींच्या आई-आजीपर्यंतच्या वंशाची चौकशी लावली आणि जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन त्यांनी ती मागे घ्यायला लावली. याबद्दल लोक बोलतात, पण नावं घेऊन बोलल्यावर दुसऱ्या दिवशी पस्तावतात. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं असावं आणि त्यात तीन पर्याय हवेत: सगळं खुलं, अमुक भाग इतकी वर्षं बंद, किंवा फक्त कुटुंबासाठी. सही मुद्रणाआधी नाही, उतरवलेलं वाचून दाखवल्यावर घ्या.

आणि जहाजाची, सात जोडप्यांची गोष्ट? तीही घ्या, अगदी शेवटी. पहिली विचारलीत तर बाकीचं काही येणार नाही. शेवटी विचारलीत तर ती त्यांना कुणी, कुठल्या ओट्यावर बसून सांगितली होती, हे त्यांना आठवतं.

आपले,
बेने इस्रायली कुटुंबांच्या आठवणी नोंदवणारे काही जण,
अलिबाग