नेट नसलं तरी सर्व्हर चालतो

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ग्रंथपालांच्या बैठकीत दरवेळी एकच वाक्य कानावर येतं: गावात रेंज नाही, म्हणून पुस्तकांची यादी संगणकावर घेता येत नाही. चार वर्षं मीही हेच सांगत होते. ते चूक होतं, म्हणून हे पत्र.

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात 'क' वर्गाचं वाचनालय आहे. पुस्तकं ३,८४०, दाखल नोंदवह्या चार. नोंदवहीत पुस्तकं आली त्या तारखेच्या क्रमाने लिहिलेली असतात. त्यामुळे कोणी "बाई, शेळीपालनाचं काही हाय का?" असं विचारलं की कपाटंच धुंडाळायची. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून भाचा आला आणि पेन ड्राइव्हवर झॅम्प नावाचा प्रोग्रॅमचा संच देऊन गेला. त्यात अपाची हा वेब सर्व्हर (ब्राउझरला पानं पुरवणारा), मायएसक्यूएल हा डेटाबेस (नोंदी साठवणारा; नव्या झॅम्पमध्ये त्याच्या जागी त्याचंच भावंड मारियाडीबी असतं) आणि पीएचपी ही प्रोग्रॅम लिहायची भाषा असं सगळं एकत्र येतं, तेही फुकट. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' टाइप केलं की संगणक स्वतःलाच हाक मारतो. त्याचा पत्ता १२७.०.०.१. बाहेरच्या तारेची गरजच नाही. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर चार वर्षं वाचली असती.

मात्र सुरुवातीलाच अडले. झॅम्पच्या पडद्यावर मायएसक्यूएल हिरवं झालं, म्हणजे सुरू झालं; अपाची काही होईना. पोर्ट ८० दुसऱ्याच्या ताब्यात आहे, असा लाल अक्षरांत संदेश. भाच्याला फोन लावायला गच्चीवर गेले. तो म्हणाला, "मावशी, पोर्ट म्हणजे दाराचा नंबर समज. ८० नंबरच्या दारात विंडोजचाच दुसरा कोणीतरी बसला असेल, तू ८०८० चं दार धर." अपाचीच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 'लिसन ८०' अशी ओळ असते. तिथे ८०८० केलं, अपाची पुन्हा सुरू केलं आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टपुढे अपूर्णविराम (:) देऊन ८०८० टाइप केलं. पान उघडलं. वाचनालयात कोणी नव्हतं, तरी मी टाळी वाजवली.

मग खरं दुखणं आलं. पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस हाताळायच्या पानावर तक्ता केला: दाखल क्रमांक, नाव, लेखक, विषय, कपाट. पाच दिवस बसून २१२ पुस्तकं भरली, पुष्कळशी दुपारचं भारनियमन संपल्यावर रात्री. सहाव्या दिवशी यादी उघडली तर नाव आणि लेखकाच्या रकान्यांत नुसती प्रश्नचिन्हं! अक्षर एकही नाही. तक्ता करताना 'कोलेशन' या खान्यात (कोणती अक्षरं साठवायची आणि कशी लावायची ते इथे ठरतं) काय लिहिलंय ते मी पाहिलंच नव्हतं. तिथे 'लॅटिन१ स्वीडिश' होतं. मायएसक्यूएल स्वीडनमध्ये जन्मलं, म्हणून जुन्या आवृत्त्यांत ते आपसूक येतं. त्या पेटीत देवनागरी मावत नाही, आणि एकदा प्रश्नचिन्ह झालं की मूळ अक्षर परत मिळत नाही. तिथे 'यूटीएफ८एमबी४' निवडायचं होतं, एवढंच. २१२ पुस्तकं पुन्हा भरली. मराठीत काम करणाऱ्या नवशिक्याला ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला हवी. इंग्रजीत शिकवणाऱ्याला ती सुचत नाही, कारण त्याची अक्षरं कधी हरवत नाहीत.

पुढे एकदा काम चालू असताना वीज गेली आणि डेटाबेस सुरूच होईना. एका व्हिडिओत 'आयबीडेटा१' नावाची फाइल, म्हणजे डेटाबेसची मुख्य साठवणच, खोडायला सांगितली होती. मी खोडली. तक्त्यांची नावं दिसत राहिली, आतलं मात्र काहीच उघडेना. आदल्या संध्याकाळी 'एक्स्पोर्ट' करून सगळ्या नोंदींची प्रत, म्हणजे .एसक्यूएल फाइल, पेन ड्राइव्हवर ठेवली होती म्हणून निभावलं. आता वाचनालय बंद करताना कुलपाआधी एक्स्पोर्ट, हा नियमच केलाय. आणि रूटचा, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य वापरकर्त्याचा, पासवर्ड झॅम्पमध्ये रिकामा असतो, तोही बदलून घ्यावा.

आज २,१०० पुस्तकं भरून झालीत. विषयाच्या रकान्यात 'शेळी' शोधलं की दोन नावं येतात, कपाट क्रमांकासकट. परवा मळ्यातून एक काका आले होते, मी आकडा वाचून सांगितला आणि ते स्वतःच जाऊन पुस्तक घेऊन आले. ग्रंथालयांसाठी कोहा नावाची मुक्त प्रणाली न्यूझीलंडच्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी बनली आणि २००० साली सुरू झाली. तिच्या मुळाशीही असाच डेटाबेस आहे. आमचा संगणक जुना आहे, पण हात बसला की तिकडे जायचा माझा विचार आहे.

आपल्या पुरवणीत संगणकाचं सदर असतं, त्यात बहुतेक मोबाइलचीच माहिती येते. माझी कळकळीची विनंती आहे की सहा आठवडे एक कोपरा या कामाला द्यावा, साध्या मराठीत, आणि पडद्यावरचे इंग्रजी संदेश जसेच्या तसे देऊन त्यांचा अर्थ सांगावा. पहिला लेख पोर्टवर असू द्या, माणूस तिथेच काम सोडतो. दुसरा कोलेशनवर.

आपली,
एक ग्रंथपाल, ता. आर्वी, जि. वर्धा