डाव्या बुटाचा तळ अजून नवाच

ती. आई-बाबांना सा. न.

आई, काल व्हिडिओ कॉलवर तू परत तेच म्हणालीस, पायाला आराम दे, धावू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून मेलबर्नहून हे लिहितोय.

डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट (एसीएल, मांडीचं आणि नडगीचं हाड जोडणारा पट्टा) मस्त बसलंय, ऑपरेशनला अकरा महिने झाले. पण परवा फिजिओने माझे बूट काढायला लावून उलटे टेबलावर ठेवले, उजव्याची टाच घासून गुळगुळीत आणि डाव्याची जवळपास नवी, म्हणजे मी नकळत अजून सगळा भार उजव्यावरच टाकतोय आणि मला वाटत होतं की चालणं एकदम नॉर्मल झालंय! मग डेक्सा स्कॅन (हाड किती घट्ट आहे ते मोजणारा एक्स-रे) केला तर डाव्या गुडघ्याजवळचं हाड, मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं, उजव्यापेक्षा विरळ निघालं. घाबरू नका, एसीएल तुटलेल्या खेळाडूंमध्ये हे बऱ्याचदा दिसतं, परत खेळायला लागल्यावरही कित्येकांचं पूर्ण भरून येत नाही.

हाड रोज थोडं झिजतं, थोडं नवं भरतं, आणि भार पडेल तिथेच नीट भरतं. वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने 1892 सालीच हे लिहून ठेवलंय. अंतराळवीरांचं खुब्याचं हाड तर महिन्याला 1 ते 1.5 टक्के कमी होतं, वजनच नाही ना तिथे. माझं अंतराळ म्हणजे त्या कुबड्या आणि नंतर भीत भीत टाकलेलं प्रत्येक पाऊल. त्यात पडलो तेव्हा हाडालाही आतून मुका मार बसलेला, एमआरआयमध्ये दिसला होता, आणि मांडीचा स्नायू सुकला की हाडाला ताण देणार कोण?

तर आता आराम बंद. स्क्वॉट, लेग प्रेस, या आठवड्यापासून छोट्या उड्या. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी चालू आहे, पण नुसत्या गोळ्यांनी (आणि तुझ्या डिंकाच्या लाडवांनी) भागत नाही.

खरी काळजी सोनूची आहे. नेहरू स्टेडियमवर ती रोज बास्केटबॉल खेळते आणि या खेळात मुलींचं एसीएल मुलांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त तुटतं. उडी मारून खाली येताना तिचे गुडघे आत वळतात का ते बघायचंय मला. बाबा, तुम्ही रविवारी पोहे-जलेबी आणायला निघालात की तसेच स्टेडियमवर जा आणि मोबाईलवर शूट करून पाठवा. समोरून काढा हं, बाजूने नको, आणि पाय कापू नका फ्रेममधून, मागच्या वेळी नुसती डोकीच आली होती.

तुमचा,
बाळ्या