भिंतीपाशी थांबलेल्या सगळ्यांचे आभार

शहरात बोलल्या जाणाऱ्या भाषांमधून ‘या, बसा’ लिहायचं, हे आम्हा विद्यार्थ्यांचं भित्तिचित्र. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीतली ओळ आम्ही संगणकावरून जशी दिसली तशी उतरवली. अक्षरं सुटी पडलेली, क्रमही उलटा. जाता जाता एक आजी थांबल्या, खडू मागितला आणि अक्षरं एकमेकांना कशी जोडतात ते भिंतीवरच गिरवून दाखवलं. आजी, तुम्ही नाव न सांगताच गेलात. ती ओळ आता तुमच्याच वळणाची आहे.

ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, पोपडे सुटतात, म्हणून भिंत वाळेपर्यंत आम्हाला थांबवणारे रंगारी काका, शिडी देणारे शेजारी, तुमचेही मनापासून आभार. आणि ‘आमची भाषा राहिली’ असं हळूच सांगणाऱ्या त्या चिमुरडीचे खास. तिची ओळ सगळ्यांत वर आहे.